पान बदलले तरी काय टिकायला हवे? राउटिंग आणि सामाईक लेआउटची मांडणी

आपला प्रश्न मला असा समजला. मुलुंडमधील स्वतःच्या आणि शेजारच्या दोन-तीन गृहनिर्माण संस्थांसाठी आपण रिॲक्टमध्ये (वेबपाने बांधण्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत) एक ॲप लिहीत आहात. सभासदांची यादी, मेंटेनन्सची बिले, पावत्या, तक्रारी, सभांची इतिवृत्ते अशी मिळून त्यात ४० च्या आसपास पाने झाली आहेत, आणि प्रत्येक पानाचा कंपोनंट (पडद्याचा एक भाग बनवणारा कोडचा तुकडा) आपला मजकूर ‘लेआउट’ नावाच्या कंपोनंटमध्ये गुंडाळून परत देतो. आता खजिनदारांची तक्रार अशी आहे की डावीकडच्या मेनूत खाली जाऊन ‘थकबाकी’ उघडली की मेनू पुन्हा वर जातो, शोधपेटीत टाइप केलेले नाव पुसले जाते आणि सूचनांची घंटा दर वेळी नव्याने लोड होते. लॉगिनच्या पानावर आणि छापायच्या पावतीवर मेनू नको असल्याने लेआउटला ‘साइडबार दाखवायचा का’, ‘हेडर दाखवायचा का’ असे प्रॉप्स (कंपोनंटला बाहेरून दिलेली मूल्ये) जोडत जोडत त्यांची संख्या ७ वर गेली आहे. तेव्हा लेआउट नेमका कुठे ठेवावा, आणि राउट (कोणत्या पत्त्यावर कोणते पान हे सांगणारे नियम) एकाच फाइलमध्ये लिहावेत की फोल्डरांत वाटावेत, असे आपण विचारले आहे.

फाइलींचा प्रश्न मी शेवटाकडे घेतो, कारण तो तुलनेने किरकोळ आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक वेगळा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: वापरणारा एका पानावरून दुसऱ्यावर गेला, तेव्हा पडद्यावरचे काय जसेच्या तसे टिकायला हवे? आपण ‘लेआउट’ हा शब्द ‘सगळ्या पानांवर सारखे दिसणारे’ या अर्थाने वापरला आहे, आणि बहुतेक जण सुरुवातीला तसाच वापरतात. पण दोन पानांवर मेनू सारखा दिसला म्हणजे तो तोच मेनू असतो असे नाही. आपल्या ॲपमध्ये दर क्लिकला जुना मेनू मोडला जातो आणि त्याच्या जागी हुबेहूब तसाच दुसरा बांधला जातो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, परंतु स्क्रोलची जागा, टाइप केलेला मजकूर, उघडलेली उपसूची हे सारे जुन्या मेनूबरोबर गेलेले असते.

असे का होते, हे रिॲक्टच्या एका नियमात आहे. नव्याने रेंडर करताना, म्हणजे पडदा पुन्हा मांडताना, रिॲक्ट कंपोनंटांच्या झाडातील प्रत्येक जागी आधी कोणत्या प्रकारचा कंपोनंट होता आणि आता कोणता आहे हे पाहतो. प्रकार तोच असेल तर तो कंपोनंट त्याच्या स्टेटसह (आत साठवलेल्या माहितीसह) राखला जातो. प्रकार बदलला असेल तर त्या जागेपासून खालचे सगळे झाड उतरवून नवे उभारले जाते. आपल्या रचनेत राउटरच्या, म्हणजे पत्त्यावरून पान निवडणाऱ्या भागाच्या, थेट खाली ‘सभासदयादी’ हा कंपोनंट आहे आणि लेआउट त्याच्या पोटात आहे. पान बदलले की त्या जागी ‘थकबाकी’ येतो, म्हणजे प्रकार बदलतो, आणि आतला लेआउट दोन्हींकडे एकच असूनही त्याची तुलना होण्याची वेळच येत नाही. गिरगावातल्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाने सामाईक गॅलरी आपापल्या खोलीच्या आत बांधून घेतली तर जे होईल तेच येथे होत आहे. गॅलरी चाळीची असते आणि खोल्या तिच्यावर उघडतात.

त्यामुळे उपाय असा, की लेआउट पानांच्या आतून काढून राउटच्या झाडात पानांच्या वर न्यावा. लेआउट हाच एक पालक राउट होतो, पाने त्याची अपत्ये होतात, आणि लेआउटच्या आत जिथे पानाचा मजकूर यायचा तिथे एक रिकामी जागा सोडलेली असते. रिॲक्ट राउटर या लायब्ररीत या जागेला ‘आउटलेट’ म्हणतात, व्ह्यूमध्ये ‘राउटर-व्ह्यू’, अँग्युलरमध्ये ‘राउटर-आउटलेट’. कल्पना सगळीकडे एकच आहे. अपत्य बदलते तेव्हा पालकाचा प्रकार बदलत नाही, म्हणून मेनू जागचा हलत नाही. पानांना लेआउट अस्तित्वात आहे हे माहीत असण्याचीही गरज राहत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. या बाबतीत शोध घेतल्यावर आपल्याला परस्परविरोधी सल्ले मिळाले असतील, आणि त्यात आपली चूक नाही. रिॲक्ट राउटरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत राउटचे झाड एके ठिकाणी लिहिण्याची पद्धत होती. २०१७ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने ती सोडून दिली आणि राउट म्हणजे कुठेही ठेवता येणारा एक साधा कंपोनंट अशी भूमिका घेतली. पुढे नोव्हेंबर २०२१ मधील सहाव्या आवृत्तीने एकात एक बसणारे राउट आणि आउटलेट पुन्हा मध्यभागी आणले. मधल्या काळात लिहिलेले लेख आणि व्हिडिओ भरपूर आहेत. उदाहरणात ‘स्विच’ आणि ‘एक्झॅक्ट’ हे शब्द दिसले, की ते सहाव्या आवृत्तीच्या आधीचे आहे असे समजून बाजूला ठेवावे.

आता आपल्या ॲपचे झाड कसे दिसेल ते पाहू. वाचायला सोपे जावे म्हणून यूआरएल देवनागरीत लिहितो. सर्वांत वर एक मूळ राउट असेल, ज्यात दृश्य असे काही नसेल. लॉगिन केलेल्या व्यक्तीची माहिती, भाषा, क्षणभर दिसून जाणारे टोस्ट संदेश एवढेच त्याच्याकडे. त्याच्याखाली तीन लेआउट येतील. पहिला ‘बाहेरचा’, म्हणजे मध्यभागी एक चौकोन असलेला. त्यात ‘/लॉगिन’ आणि ‘/पासवर्ड-विसरलो’. दुसरा ‘कामाचा’, ज्यात मेनू, शोधपेटी आणि घंटा. आपली ३५ तरी पाने याखाली जातील. तिसरा ‘छपाईचा’, ज्यात पांढऱ्या कागदाशिवाय काही नाही. या तिन्ही लेआउटांना स्वतःचा यूआरएल नसतो. मार्ग नसलेला पालक राउट लिहिता येतो हे अनेकांना ठाऊक नसते, आणि म्हणूनच प्रॉप्सची रांग लागते. ते ७ प्रॉप्स काढून टाकावेत. ‘हेडर नको, साइडबार नको, कडेची जागाही नको’ असे सांगून वापरलेला लेआउट खरे तर दुसराच लेआउट असतो, आणि त्याला वेगळे नाव देण्यात काहीच तोटा नाही.

यूआरएलचे झाड आणि चौकटींचे, म्हणजे लेआउटांचे, झाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला समजायला बराच काळ लागला. बहुतेक ठिकाणी ती दोन्ही बरोबर चालतात, त्यामुळे एकच आहेत असे वाटते. आपली पावती मात्र त्यांना वेगळे करते. ‘/बिले/४१२/पावती’ हा पत्ता अगदी योग्य आहे, कारण पावती त्या बिलाचीच आहे. परंतु दिसण्याच्या दृष्टीने ती बिलांच्या कुटुंबातली नाही. अशा वेळी पत्ता बदलू नये. तोच पूर्ण मार्ग छपाईच्या लेआउटखाली लिहावा. राउटर दोन्हीकडची झाडे मिळवून सर्वांत नेमका जुळणारा मार्ग निवडतो. सहाव्या आवृत्तीपासून हा क्रम राउटर स्वतः ठरवत असल्याने ‘/सभासद/नवा’ आधी लिहायचे की ‘/सभासद/:क्रमांक’ याची चिंताही राहिलेली नाही. ठरावीक शब्द असलेला मार्ग पॅरामीटर (‘:क्रमांक’सारखा बदलता भाग) असलेल्या मार्गाला मागे टाकतो.

याच्या उलट घोटाळाही होतो. ‘/सभासद’ ही यादी आणि ‘/सभासद/१२’ हे एका सभासदाचे पान. पत्ता आत बसतो म्हणून कोणी यादीचा कंपोनंट पालक करतो आणि सभासदाचे पान त्याचे अपत्य. मग सभासदाचे पान उघडल्यावर वर अख्खी यादी दिसत राहते, किंवा यादीत आउटलेट ठेवायचे राहून गेले असेल तर क्लिक करूनही काहीच बदलत नाही. यादी डावीकडे ठेवून तपशील उजवीकडे दाखवायचा असेल तर तीच रचना बरोबर आहे. तसे नसेल, तर ‘सभासद’ हा केवळ मार्गापुरता पालक ठेवावा, त्याला कंपोनंट देऊ नये; यादी त्याचा इंडेक्स राउट (पालकाच्याच पत्त्यावर दिसणारे अपत्य) करावी आणि तपशील हा तिचा भाऊ. आपल्याला यांपैकी काय हवे ते पडद्याच्या आकारावर आणि खजिनदारांच्या सवयीवर अवलंबून आहे. दिवसभर एकामागून एक सदनिका तपासणाऱ्याला शेजारी यादी लागते. वर्षातून दोनदा बिल पाहणाऱ्या सभासदाला ती अडगळ वाटते.

लेआउट वर नेल्यावर एक नवा धोका येतो, आणि त्याची किंमत मी एकदा मोजली आहे. काही वर्षांपूर्वी अशाच स्वरूपाच्या एका हिशेबाच्या ॲपमध्ये आम्ही सदनिकेच्या पानावर ‘पुढील सदनिका’ असे बटण दिले होते. हिशेबनीस ए-३०२ च्या पानावर विलंबशुल्काबद्दलचा शेरा लिहीत होते, मध्येच काही पाहायला म्हणून त्यांनी ‘पुढील’ दाबले, पानाचे शीर्षक ए-३०३ झाले, आणि शेऱ्याच्या चौकटीत आधीचाच मजकूर राहिला. त्यांनी तो वाक्य पूर्ण करून जतन केला. ज्या सभासदाने आयुष्यात एक दिवस उशीर केला नव्हता, त्याच्या खात्यावर शेरा पडला आणि पुढची समितीची बैठक कशी झाली असेल ते आपण ओळखू शकाल. कारण तोच वरचा नियम होता. ‘/सदनिका/३०२’ आणि ‘/सदनिका/३०३’ हा एकच राउट आहे, कंपोनंटचा प्रकार तोच, म्हणून रिॲक्टने स्टेट राखली. मेनूच्या बाबतीत जे आपल्याला हवे आहे, तेच फॉर्मच्या बाबतीत घातक ठरले.

म्हणून पॅरामीटर असलेल्या प्रत्येक राउटबद्दल मी आता ठरवून विचारतो: क्रमांक बदलला तर हे पान तेच राहायला हवे, की नवे व्हायला हवे? नवे हवे असेल तर पानाच्या आतील फॉर्मला त्या क्रमांकाची ‘की’ (ओळखखूण) द्यावी. की बदलली की रिॲक्ट तो भाग मोडून पुन्हा उभारतो. इफेक्ट (रेंडरनंतर चालणारा कोड) लिहून एकेक फील्ड रिकामे करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण नवे फील्ड जोडणाऱ्याला तो इफेक्ट आठवत नाही. अर्धवट लिहिलेला मजकूर गमावण्यापूर्वी इशारा द्यायचा की नाही, हा वेगळा निर्णय आहे. हिशेबाच्या पानावर तो द्यावा असे माझे मत आहे.

लॉगिनची तपासणी कुठे करावी हे आपण विचारले नाही, पण ४० पानांत ती ४० वेळा लिहिलेली असणार असा माझा अंदाज आहे. ती ‘कामाच्या’ लेआउटच्या वर एकाच ठिकाणी आणावी. लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानाकडे पाठवावे आणि मूळ पत्ता बरोबर द्यावा, म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेल्या बिलाच्या दुव्यावरून येणारा सभासद लॉगिननंतर थेट त्या बिलावर पोहोचतो. परतीचा तो पत्ता आपल्याच ॲपमधला आहे याची खात्री करून मगच त्यावर पाठवावे. अन्यथा कोणीही तिथे बाहेरच्या संकेतस्थळाचा पत्ता घालून दुवा फिरवू शकतो. आणखी एक बारकावा: रिॲक्ट राउटरच्या ६.४ आवृत्तीपासून मिळणारे लोडर (पानासाठी लागणारी माहिती आणणारी फंक्शने) आपण वापरत असाल, तर पालकाचे आणि अपत्याचे लोडर एकाच वेळी सुरू होतात. पालकाच्या लोडरने लॉगिनकडे वळवले तरी तोवर अपत्याच्या लोडरने सर्व्हरला विनंती पाठवलेली असते. त्यामुळे ब्राउझरमधील ही तपासणी केवळ सोयीची समजावी. कोणत्या सभासदाने कोणाचे बिल पाहावे हे सर्व्हरने प्रत्येक विनंतीला ठरवायचे असते.

प्रत्येक पानाचा कोड गरजेनुसार आणत असाल, तर ‘सस्पेन्स’ची (कोड येईपर्यंत लोडिंगची खूण दाखवणारी) सीमा लेआउटच्या आत, आउटलेटला लागून ठेवावी. ती लेआउटच्या बाहेर असेल तर नवे पान येईपर्यंत मेनूसकट सगळा पडदा लोडिंगच्या चक्रात जातो, आणि इतकी मेहनत करून टिकवलेला मेनू वापरणाऱ्याच्या दृष्टीने पुन्हा नाहीसा होतो. चूक पकडणारी एरर बाउंडरीही तशीच आउटलेटजवळ असावी, म्हणजे तक्रारींचे पान कोसळले तरी मेनूतून दुसरीकडे जाता येते.

स्क्रोलबद्दल एक सूचना. आपल्या वर्णनावरून मेनू आणि मजकूर हे दोन वेगवेगळे स्क्रोल होणारे भाग आहेत असे दिसते. मजकुराचा भाग स्वतंत्र स्क्रोल होत असेल, तर मागे गेल्यावर आधीची जागा मिळवून देण्याची ब्राउझरची स्वतःची सोय तिथे लागू होत नाही, कारण ती संपूर्ण खिडकीच्या स्क्रोलसाठी असते. शक्य असेल तर मजकुराला खिडकीबरोबर स्क्रोल होऊ द्यावे आणि मेनू तेवढा चिकटवून ठेवावा. थकबाकीच्या २०० ओळींतून एक उघडून मागे येणाऱ्याला पुन्हा पहिल्या ओळीपासून शोधायला लावणे हे मेनू वर उडी मारण्यापेक्षा त्रासदायक आहे. याच कारणाने विंग, महिना, ‘फक्त थकीत’ ही गाळणी स्टेटमध्ये न ठेवता यूआरएलच्या क्वेरीत (प्रश्नचिन्हानंतरच्या भागात) ठेवावी. मग मागे येणे, रिफ्रेश करणे आणि तीच यादी सचिवांना पाठवणे ही तिन्ही कामे एकाच उपायाने साधतात.

पान बदलले की टॅबचे शीर्षक बदलावे आणि कीबोर्डचा फोकस नव्या पानाच्या मुख्य शीर्षकावर न्यावा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला अन्यथा काही बदलले हे कळतच नाही. हे दोन्ही लेआउटमध्ये एकदाच लिहिता येते.

आता फाइली. आपण एकटेच काम करत आहात, तेव्हा राउटचे संपूर्ण झाड एकाच फाइलमध्ये ठेवावे. ४० राउटांची फाइल फार तर दोन पडदाभर होते, आणि ती ॲपचा नकाशा म्हणून वाचता येते. पानांचे कंपोनंट मात्र विषयानुसार फोल्डरांत असावेत: बिले, सभासद, तक्रारी. तीन-चार जण वेगवेगळ्या भागांवर काम करू लागले आणि त्या एका फाइलमध्ये रोज टक्कर होऊ लागली, की प्रत्येक विषयाने आपले उपझाड आपल्या फोल्डरात लिहावे आणि मुख्य फाइलने ते जोडावे. फोल्डरांच्या रचनेवरून राउट आपोआप बनवणारी पद्धतही आहे. रिॲक्टवर आधारलेल्या नेक्स्टच्या ॲप राउटरमध्ये प्रत्येक फोल्डरातील लेआउटची फाइल पालक होते आणि कंसातले फोल्डर यूआरएलमध्ये न येता केवळ चौकट देते. वर सांगितलेला मार्ग नसलेला पालक तो हाच. परंतु केवळ यासाठी चालू ॲपचा पाया बदलावा असे मी सुचवणार नाही.

ॲप सर्व्हरवर चढवल्यावर येणारी अडचणही सांगून ठेवतो, कारण ती लेआउटच्या बदलामुळे आली असा आपला समज होईल. ‘/सभासद/१२’ वर रिफ्रेश केले की ब्राउझर तो पत्ता सर्व्हरकडे मागतो आणि तिथे अशी फाइल नसते. सर्व्हरला सांगावे लागते की न सापडलेल्या पत्त्यासाठी इंडेक्सचे एचटीएमएल द्यावे. एंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हे ‘ट्राय फाइल्स’च्या एका ओळीत होते. ही सवलत एपीआयच्या, म्हणजे ॲप जिथून माहिती मागवते त्या, पत्त्यांना देऊ नये, नाहीतर चुकलेल्या विनंतीला चूक सांगण्याऐवजी २०० ची (‘सर्व ठीक’ अशी) खूण आणि एचटीएमएल परत जाईल. आणि ‘/सभासद’ रिफ्रेश केल्यावर नीट उघडते पण ‘/सभासद/१२’ कोरे दिसते असे झाले, तर राउटर तपासत बसू नये. बिल्डमधील स्क्रिप्टचा पत्ता सापेक्ष असल्याने ब्राउझर ती ‘सभासद’ या फोल्डरात शोधत असतो आणि जावास्क्रिप्टच्या जागी त्याला तेच एचटीएमएल मिळत असते. पत्ता मुळापासून, म्हणजे तिरप्या रेषेने सुरू होणारा, करावा.

कामाला लागताना ४० पाने एकदम उकरू नयेत. आधी तीन लेआउट आणि त्यांचे पालक राउट लिहावेत, मग पाने एकेक करून त्यांच्याखाली न्यावीत आणि नेताना त्यांच्यातील गुंडाळलेला लेआउट काढून टाकावा. हलवताना एखाद्या पानातला लेआउट काढायचा राहिला तर मेनू दोनदा दिसेल, त्यामुळे विसरलेले पान लगेच कळते. ‘थकबाकी’ आणि सभासदांची यादी या दोन पानांपासून सुरुवात करावी, कारण मेनू टिकण्यासाठी दोन्ही पाने नव्या लेआउटखाली असावी लागतात. यादीच्या पानावरून मेनूत तळाशी जाऊन ‘थकबाकी’ उघडावे, शोधपेटीत आधी एखादे आडनाव टाइप करून ठेवावे, आणि ते तिथेच राहिले तर पुढचे पान हाती घ्यावे. राहिले नाही, तर लेआउटचा कंपोनंट दुसऱ्या एखाद्या कंपोनंटच्या आत तर लिहिला गेला नाही ना, हे पाहावे. तसे असेल तर दर रेंडरला रिॲक्टच्या दृष्टीने तो नवाच प्रकार ठरतो, आणि तो कितीही वर नेला तरी मेनू मोडतच राहतो.